डॉर्कस ओलरनशॉचा पाव

थॉर्नक्लफच्या दरीत उभं राहून "ओलरनशॉ!" अशी हाक मारली, तर निम्मं गाव वळून बघायचं आणि उरलेलं निम्मं, हाक कुणाला मारली ते बघायला वळायचं. त्यामुळे आडनावानं हाक मारायची तिथे पद्धतच नव्हती. पुलावरचे, गिरणीवाले, वरच्या रानातले आणि खाणीखालचे, असे ओलरनशॉंचे चार गट होते आणि माणूस कुठल्या गटातला ते सांगितलं की काम भागायचं. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं आडनाव वाचायच्या भानगडीत पडत नसे. पहिलं नाव बघायचा, अक्षर कुणाचं ते ओळखायचा आणि बरोबर दारात पत्र टाकायचा.

डॉर्कस पुलावरच्या जोब आणि मार्था ओलरनशॉच्या घरात वाढली, आणि बाविसाव्या वर्षी लग्न करून खाणीखालच्या ईनक ओलरनशॉच्या घरात आली. दोन्ही घराण्यांत कुणाला आठवत होतं तिथपर्यंत मागे जाऊन पाहिलं, पण कसलंही नातं निघालं नाही. लग्नाच्या दिवशी सासू म्हणाली, "चला, सुनेच्या ट्रंकेवरचं नाव पुन्हा रंगवायला नको." सासूनं तिचं कौतुक केलं ते एवढंच. पण ते डॉर्कसला आयुष्यभर पुरलं.

जोब लाकडी तळाचे बूट करायचा. गिरणीतल्या आणि खाणीतल्या माणसांच्या पायात तेच असायचे. तळाला लाकूड लागायचं आल्डरचं, कारण ते हलकं असतं आणि भिजलं तरी कुजत नाही. ओढ्याच्या काठाला ही झाडं अशी दाटलेली की त्यांच्या मुळ्या पाण्यात लोंबायच्या. लहानपणी डॉर्कस बापाशेजारी भुशात बसायची आणि जोब सुरी चालवता चालवता सांगायचा, "पोरी, आपलं नाव ह्याच लाकडाचं. जुने लोक आल्डरला ओलर म्हणायचे, आणि शॉ म्हणजे झाडांचं लहानसं बन. आल्डरच्या बनातली माणसं आपण. पाण्यात राहून न कुजणारी." हे शेवटचं त्यानं स्वतःच्या पदरचं घातलेलं होतं, पण डॉर्कसला ते धर्मग्रंथातल्या वचनाइतकं खरं वाटायचं. शाळेत वहीवर नाव घालताना ती ते एवढं ठळक काढायची की पुढच्या तीन पानांवर उमटायचं.

आता तिच्या पावाविषयी सांगायला हवं, कारण एकोणीसशे चौतीसच्या त्या जानेवारीत जे झालं ते पावामुळेच.

त्या बाजूच्या लोकांची एक समजूत होती. एखाद्या बाईचं माहेरचं आडनाव आणि सासरचं आडनाव एकच असेल, आणि नवरा-बायकोत रक्ताचं नातं मुळीच नसेल, तर तिच्या हातच्या पावाला गुण असतो. डांग्या खोकला झालेल्या पोराला तो लोणी लावून खाऊ घालायचा. मात्र मागायला येणाऱ्यानं "कृपा करून द्या" म्हणायचं नाही, घेतल्यावर आभार मानायचे नाहीत, आणि पैसे तर पुढे करायचेच नाहीत. नुसतं दारात उभं राहून म्हणायचं, "पावाचा तुकडा हवाय." मिळाला की चालू लागायचं. ओलरनशॉंनी ओलरनशॉंशी केलेली लग्नं दरीत ढिगानं होती, पण बहुतेक चुलत नाही तर आत्ये-मामे भावंडांची. ती बाद. नातं नसलेली अशी दुसरी एकच बाई होती, पलीकडच्या दरीतली मर्सी, आणि तिचा पाव एवढा दगड असायचा की खोकणारं पोर आणखी खोकायचं.

त्यामुळे एकोणतीस वर्षं लोक डॉर्कसकडे येत होते. ती चॅपलला, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चला, जाणारी, भोळ्या समजुतींना नाकं मुरडणारी बाई. अंडी विकताना, "हे कालचं आहे आणि हे परवाचं," असं गिऱ्हाइकानं न विचारता सांगणारी. पावाच्या गुणावर तिचा विश्वास होता का? विचारलं असतं तर तिनं विषय बदलला असता. पण कुणी पोराला कडेवर घेऊन दारात उभं राहिलं की ती सकाळीच भाजलेल्या पावाची मधली, मऊ चकती कापायची, कडा काढून टाकायची, लोणी कडेपर्यंत नीट पसरायची. तिला स्वतःला मूल झालं नाही. गावातली पन्नासएक पोरं तरी तिच्या दारात खोकून गेली होती आणि पुढे मोठी होऊन रस्त्यात तिला "डॉर्कसमावशी" म्हणून हाक मारत होती. त्या हाकेवर तिचं आयुष्य उभं होतं, हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण ईनकला ठाऊक होतं.

त्या वर्षी चॅपलला शंभर वर्षं होत होती. नवे पाद्री मिस्टर टिझार्ड दक्षिणेतल्या समुद्राकाठचे. वय तिशीचं, उत्साह पंधरा वर्षांच्या पोराचा. शंभर वर्षांनिमित्त त्यांनी एक पुस्तिका काढायचं ठरवलं आणि तिचा विषय घेतला ओलरनशॉ हे आडनाव. भिंतीवर नकाशा टांगला. ओळखीच्या पाद्र्यांना पत्रं लिहून लिहून विचारलं, तुमच्याकडे किती ओलरनशॉ? प्रत्येकासाठी एक टाचणी. आल्डरच्या बनापासून माणूस सकाळी निघून संध्याकाळपर्यंत चालत जाईल एवढ्या टापूत टाचण्यांची नुसती गर्दी, मँचेस्टरच्या गिरण्यांकडे विरळ विरळ, आणि त्यापुढे कुठेतरी एखादी. त्यांच्या स्वतःच्या गावात एकही नाही. "हे नाव झाडासारखंच आहे," ते सगळ्यांना सांगत सुटले होते. "जिथे उगवलं तिथेच उभं आहे!"

मंगळवारी दुपारी ते डॉर्कसच्या घरी आले. बगलेत बाप्तिस्म्याची जुनी वही होती आणि चेहरा आनंदानं फुललेला. डॉर्कसनं चहा टाकला, ओटची धिरडी गरम केली.

"मिसेस ओलरनशॉ, तुमच्यासाठी एक गंमत आणलीय," ते धिरड्याला लोणी लावत म्हणाले. "तुम्ही सांगितलं नाहीत कधी! तुम्ही जन्मानं ओलरनशॉ नाहीच. हे पाहा. अठराशे त्र्याऐंशी. 'डॉर्कस, टेमर स्विंडेल्स या अविवाहित मोलकरणीची मुलगी. जोब आणि मार्था ओलरनशॉ यांनी आणली.' म्हणजे तुम्ही माझ्या नकाशावर बाहेरच्या आहात. स्विंडेल्ससुद्धा मोठं सुरेख नाव आहे बरं का. डुकरांची दरी."

डॉर्कसच्या हातात किटली होती. ती तिनं शेगडीवर ठेवली, पुन्हा उचलली आणि पुन्हा ठेवली.

"मी विचार करत होतो," पाद्री पुढे म्हणाले, "पुस्तिकेत तुम्हाला कुठल्या यादीत घालू?"

"चहा थंड होतोय," डॉर्कस म्हणाली.

बिचाऱ्याला पावाचं काहीच ठाऊक नव्हतं. चॅपलच्या पाद्र्यासमोर असल्या गोष्टी कोण बोलणार? तो तीन धिरडी खाऊन, आभार मानून निघून गेला. डॉर्कस खुर्चीत बसली. तिला आधी आई-बाप आठवले नाहीत, आठवली ती पोरं. दारात आलेलं एकेक पोर तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. जिचं माहेरचं नावच खोटं, तिच्या पावात कसला गुण? एकोणतीस वर्षं आपण गावाला फसवलं, असं तिला वाटलं. आणि मग, त्याच्या मागोमाग, आपण ह्या गावच्या कुणीच नाही असं वाटलं, ते मात्र तिला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गिरणीजवळची फीबी बॅगशॉ आली. शाल डोक्यावरून घेतलेली, बूट बर्फानं भरलेले. तिची चार वर्षांची आयव्ही आठ दिवस खोकत होती. डॉक्टर येऊन गेला होता, बाटली दिली होती, ऊब ठेवा आणि धीर धरा म्हणाला होता. फीबीनं सगळं केलं होतं. आता ती दारात उभी राहून रीतीप्रमाणे म्हणाली, "पावाचा तुकडा हवाय."

टेबलावर पाव होता. त्याची वाफ अजून जिरली नव्हती.

"आज नाही," डॉर्कस म्हणाली.

फीबीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "आयव्हीसाठी मावशी. खोकताना निळी पडते हो."

"नाही देता येत मला. जा तू, फीबी."

फीबीनं टेबलावरच्या पावाकडे पाहिलं, मग डॉर्कसकडे पाहिलं. तिचा चेहरा एवढासा झाला. ती वळली आणि बर्फातून पळत गेली.

ईनक मागच्या दारात बूट झटकत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तीस वर्षं रेल्वेचे रूळ ठोकून त्याचे कान निम्मे गेले होते, पण ऐकायचं ते बरोबर ऐकू यायचं.

"काय गं म्हातारे, पोरीला रडवलंस?"

मग डॉर्कसनं त्याला सगळं सांगितलं. सांगताना ती एप्रनचं टोक पिळत होती. ईनकनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग खुर्चीत बसून गालातल्या गालात हसायला लागला.

"हसतोस काय मेल्या?"

"हसू नको तर काय! झाडांतून उठून डुकरांत गेलीस की गं."

"ईनक!"

"अगं, तुझा तो टिझार्डच परवा सांगत होता, सगळे ओलरनशॉ मुळात एकाच बनातून निघालेले. म्हणजे सगळे एकमेकांचे भाऊबंद. मग नातं नसलेले ओलरनशॉ उरले कुठे? उलट बरंच झालं, निदान तू माझी बहीण तरी नाहीस. तीस वर्षांनी कळलं असतं तर केवढी पंचाईत!"

डॉर्कस हसली नाही. ईनकचं हसू ओसरलं. त्यानं तिचा हात धरला, आणि हे तो क्वचितच करायचा.

"तू कोण आहेस ते मला ठाऊक आहे, डॉर्कस. एवढं पुरे नाही का?"

"नाही," ती म्हणाली. "तू माझा नवराच आहेस. तुला कोण विचारतंय?"

"बरं. मग पाव देऊ नकोस. पण खरं तरी सांगून ये. त्या पोरीला वाटतंय तू तिच्या लेकरावर डूख धरलास. असं वाटत ठेवायचं का?"

हे मात्र डॉर्कसला पटलं. परवाचं अंडं ताजं म्हणून न विकणारी बाई ती. तिनं शाल घेतली. दाराशी जाऊन परत फिरली, पाव फडक्यात गुंडाळला आणि कुशीत धरला. तो का घेतला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

फीबीच्या घरी शेगडीजवळ तिची आजी सेअरा अ‍ॅन बसलेली होती. शहाऐंशी वर्षांची, दृष्टी गेलेली, जीभ शाबूत. चाळीस वर्षं तिनं दरीतली बाळंतपणं केली होती. थॉर्नक्लफमध्ये पन्नाशीच्या आसपासच्या जवळजवळ प्रत्येक माणसाला जगात पहिल्यांदा हात लावला तो तिनंच. फीबी आयव्हीला मांडीवर घेऊन बसली होती. डॉर्कसला पाहून ती उठलीही नाही.

"कोण आलं?" म्हातारीनं विचारलं.

"मी डॉर्कस, आजी." आणि मग उभ्या उभ्याच, कुणी बस म्हणायच्या आत, डॉर्कसनं बोलून टाकलं. "फीबी, मी रागानं 'नाही' म्हटलं नाही. मी जन्माची ओलरनशॉ नाही. टेमर स्विंडेल्सची मुलगी मी. पाद्रीबाबांना वहीत सापडलं. माझ्या पावात काही नाही. कधीच नव्हतं. मला ठाऊक नव्हतं गं, देवाशपथ मला ठाऊक नव्हतं."

फीबी आ वासून बघत राहिली. आयव्हीला तेवढ्यात ढास लागली. पोर वाकली, लाल झाली, मग तिनं शीळ घातल्यासारखा लांब श्वास ओढला. ते संपेपर्यंत फीबी तिची पाठ चोळत राहिली.

"असं कसं म्हणता, मावशी?" मग फीबी म्हणाली. "मी बरी झाले ना तुमच्या पावानं? मी तीन वर्षांची होते. ह्या आजीनंच आणलं होतं मला. तुमच्याकडे पहिल्यांदा आलेली पोर मीच, आजी नेहमी सांगते. हो ना गं आजी?"

म्हातारीनं काठी जमिनीवर टेकली.

"आता वहीत सापडलंच आहे, तर सांगते," ती म्हणाली. "डॉर्कस, तुला मी ह्या दोन हातांत झेललं. टेमर पोरगी चांगली होती. शेतावर कामाला होती, बाप कोण ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तीन आठवडे जगली. ते तीन आठवडे तुला खाली म्हणून ठेवलं नाही तिनं. मग मार्थानं तुला घेतलं. लोकांना अंधुक ठाऊक होतं, पण मार्थापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. तुझं लग्न झालं त्या वर्षी मार्था गेली, आणि मग जिभा सुटल्या. 'स्विंडेल्सच्या पोरीला शेवटी नाव मिळालं, पण नवऱ्याचं.' मी माझ्या कानांनी ऐकलं, चॅपलच्या पायरीवर."

"मला कुणी कधी बोललं नाही," डॉर्कस पुटपुटली.

"कसं बोलतील? पुढच्याच रविवारी मी ह्या फीबीला उचललं. चॅपल सुटलं होतं, सगळे रस्त्यात होते. सगळ्यांच्या देखत तुझ्या दारात गेले आणि मोठ्यानं म्हटलं, 'पावाचा तुकडा हवाय.' अगं, पाव मागायचा तो जन्मानं आणि लग्नानं दोन्हीकडून ओलरनशॉ असलेल्या बाईकडेच ना? आणि मागतंय कोण? तुझ्या आईचं बाळंतपण केलेली सुईण! माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? सगळ्यांची तोंडं बंद झाली ती झालीच. पुढच्या महिन्यात वरच्या रानातली बाई आली पोराला घेऊन. मग येतच राहिले."

फीबीला मात्र वेगळीच गोष्ट लागून राहिली होती. "पण आजी, मला खोकला होता ना?"

"तुला?" म्हातारी फिस्सकन हसली. "तुला कसली धाड भरली होती! ठणठणीत होतीस. तुकडा खाऊन आणखी मागायला लागलीस, मी चिमटा काढून गप्प केलं तुला."

डॉर्कस खाली बसली. तिथे खुर्ची होती हे नशीब. मार्थाला पुरलं त्या दिवसापासून ती कुणासमोर रडली नव्हती, आणि आता मात्र तोंड शालीत लपवून हमसून हमसून रडली. आपल्याला कुणी फसवलं म्हणून नाही. आपल्या पाठीमागे कुणीतरी एवढं केलं आणि एकोणतीस वर्षं त्यातलं चकार शब्दानं बोललं नाही, म्हणून. फीबीनं आयव्हीला आजीच्या मांडीवर दिलं, डॉर्कसच्या कुशीतलं फडकं सोडवून घेतलं आणि टेबलावर पाव कापायला लागली. तिलाही डोळ्यांतल्या पाण्यानं नीट दिसत नव्हतं. तुकडे वेडेवाकडे झाले. एक तिनं आयव्हीला दिला, एक आजीच्या हातात ठेवला आणि एक स्वतः उभ्यानं खाल्ला.

आयव्हीचा खोकला मार्च उजाडेपर्यंत चालला. डांग्या खोकला तसाच असतो, कुणाच्या पावाला बधत नाही. तोवर डॉर्कस रोज दुपारी गिरणीच्या रस्त्यानं जायची आणि पोरीला मांडीवर घेऊन बसायची, म्हणजे फीबीला दोन तास डोळा लागायचा. पाद्र्याला तिनं निरोप पाठवला की पुस्तिकेत वहीप्रमाणेच छापा, आई टेमर स्विंडेल्स. आईचं नाव एकदा तरी कुठेतरी छापून यावं, असं तिला वाटलं. पाद्र्यानं तसं छापलं, आणि गावानं ते पान इतर कुठल्याही पानापेक्षा जास्त वाचलं.

पावाचं प्रकरण आता संपलं, असं डॉर्कस धरून चालली होती. तरी ती सकाळचा पाव भाजताना एक मधली चकती कापून बाजूला ठेवायची, आणि संध्याकाळी ईनक ती मुकाट्यानं खायचा.

एप्रिलमध्ये एका सकाळी दार वाजलं. वरच्या रानातला हिरम ओलरनशॉ उभा होता, अंगापिंडानं मोठा, डोंगरावर मेंढ्या राखणारा. त्याच्या कोटात गुंडाळलेलं दोन वर्षांचं पोर खोकत होतं.

"पावाचा तुकडा हवाय," तो म्हणाला.

डॉर्कसनं दाराची चौकट धरली. "हिरम, तू पुस्तिका वाचली नाहीस वाटतं. मी जन्माची स्विंडेल्स आहे."

"वाचली की," हिरम म्हणाला. "बायकोनं दोनदा वाचून दाखवली. लोणी जरा जास्त लावा मावशी, ह्याला आवडतं."